हस्तिदंती की मोतिया?

दसरा जवळ येऊ लागला, म्हणजे ज्या घरांना त्या वर्षी रंग द्यावयाचा असतो त्या घरांत एक छोटेखानी मतभेद सुरू होतो. निळा द्यावा की हिरवा, असा प्रश्न असेल तर तो लवकर मिटतो. कारण त्या दोहोंतील फरक इतका ढळढळीत असतो की ज्याला जो आवडत नाही त्याला तो सरळ नाकारता येतो. वाद लांबतो तो पांढऱ्याच्या दोन शेजारच्या छटांवरून. दुकानदाराने दिलेल्या रंगपट्टीवर एकाखाली एक अशा दोन चौकोनी चकत्या असतात; एक हस्तिदंती, दुसरी मोतिया. घरातील वडीलधाऱ्यांस त्यांत काहीच भेद दिसत नाही, निदान ते तसे म्हणतात. सुनेस तो स्पष्ट दिसतो. रंगारी दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावतो. आणि अखेर ज्याच्या आवाजात जोर अधिक त्याचा रंग भिंतीवर जातो. पुढे पाच-सात वर्षे त्याच्याकडे पाहावयाचे मात्र सर्वांनी.

हा मतभेद आम्हांस क्षुल्लक वाटत नाही, आणि तो निव्वळ आवडीनिवडीचा आहे असेही वाटत नाही. त्यात कोणाचे म्हणणे योग्य, हे पुष्कळ अंशी ठरविता येते. मात्र ते रंगपट्टीकडे पाहून ठरत नाही. घराच्या खिडक्या कोणत्या दिशेस आहेत, पायाखालची जमीन कशाची आहे, रात्री दिवे कोणते लागतात आणि घरातील माणसांची वये काय आहेत, या चार गोष्टींवरून ते ठरवावे लागते. त्यांचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे दोन रंग म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक कारखानदार आपापल्या छटांना आपापली नावे देतो, आणि एकाचा मोतिया तो दुसऱ्याचा हस्तिदंतीही असू शकतो. म्हणून नावावर न जाता घटकांवर जावे. जुन्या वाड्यांत कळीचा चुना पाण्यात विरवून, भिंतीस पाठ टेकली असता कपड्यास लागू नये म्हणून त्यात डिंकाचे पाणी घालून सफेती देत. त्या चुन्यात पिवडीची चिमूट पडली की हस्तिदंती होई. काजळीची किंचित बोटे लागली की मोतिया होई. आजही मूळ प्रकार तोच आहे. फरक एवढाच, की चुन्याच्या जागी टायटॅनियम डायॉक्साइड हे शुभ्र द्रव्य आले. कारखान्यांतून ते निघू लागले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, नॉर्वे आणि अमेरिका या देशांत. हे पांढऱ्याहून पांढरे द्रव्य ज्या इल्मेनाइट नामक खनिजापासून काढतात ते मात्र काळेभोर असते. केरळाच्या किनाऱ्यावर ते विपुल सापडते, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते आहे. तेव्हा भिंतीच्या शुभ्रपणाचा उगम कित्येकदा काळ्या वाळूत असतो, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तर हस्तिदंती म्हणजे पांढऱ्यात लोखंडाच्या पिवळ्या गंजाचा अंश, आणि मोतिया म्हणजे पांढऱ्यात काळ्याचा अंश. मग तो फारच कोरडा दिसू नये म्हणून कोणी त्यात तपकिरी मातीचा एखादा थेंबही टाकतात. दोन्ही रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग परत देतात. म्हणजे उजेडाच्या दृष्टीने दोन्ही जवळजवळ सारखेच. खोली अंधारी आहे म्हणून यांपैकी एक निवडण्यात अर्थ नाही. त्यासाठी खिडकीपुढील कपाट हलविणे अधिक उपयोगी. या दोन रंगांतील भेद उजेडाचा नसून झाकेचा आहे. एक पिवळ्याकडे झुकतो, दुसरा तसा झुकत नाही. आणि जो पिवळ्याकडे झुकत नाही तो पिवळ्याच्या शेजारी ठेवला की निळसर भासू लागतो.

हा भासाचा प्रकार फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचा शोध लागण्यास एक तक्रार कारणीभूत झाली. फ्रान्समध्ये पॅरिस येथे गोबेलँ नावाचा चित्रपट विणण्याचा प्रसिद्ध सरकारी कारखाना आहे. तेथील रंगशाळेवर १८२४ साली मिशेल शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. विणकरांची तक्रार अशी होती, की आमच्या कारखान्यात रंगविलेला काळा धागा निळ्या व जांभळ्या वस्त्रांत सावलीसाठी वापरला असता फिका पडतो. सबब रंग कच्चा आहे. शेव्ह्रलने तो काळा धागा इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. खोट होती ती शेजाराची. निळ्याजांभळ्याच्या सान्निध्यात काळा धागा डोळ्यास निस्तेज भासत होता. तोच दुसऱ्या रंगाशेजारी नेला असता ठसठशीत दिसत होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यास आपल्या विरुद्ध दिशेकडे लोटतो, असा नियम त्याने बांधला आणि त्यावर १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ १०२ वर्षे जगून १८८९ साली वारला.

आता आपल्या रंगपट्टीकडे पुन्हा पाहावे. हस्तिदंती आणि मोतिया या दोन चकत्या एकीला एक लागून छापलेल्या असतात. शेजारामुळे हस्तिदंती आहे त्याहून पिवळी दिसते आणि मोतिया आहे त्याहून निळी. शिवाय दोहोंभोवती कागदाची शुभ्र चौकट असते. तिच्याशी तुलना होऊन दोन्ही रंग मळकट वाटतात. घरी मात्र एका खोलीत त्यांपैकी एकच रंग लागणार; शेजारास दुसरा नाही आणि शुभ्र चौकटही नाही. याउलट घरात चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात. एकीवरून परतलेला प्रकाश दुसरीवर पडतो, तेथून तिसरीवर. आणि प्रत्येक खेपेस तो थोडा अधिक रंगून निघतो. म्हणून चकतीवर नाममात्र वाटणारी पिवळी झाक चारी भिंतींवर, विशेषतः कोपऱ्यांत, चांगलीच दाट होते. "पट्टीवर एवढा पिवळा नव्हता हो," असे रंग पुरा झाल्यावर जे उद्गार निघतात त्यात रंगाऱ्याचा दोष क्वचितच असतो.

आता खिडक्या. उत्तरेकडील खोलीत ऊन येत नाही असे आपण म्हणतो. आपल्या महाराष्ट्रापुरते हे अगदी खरे नव्हे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो. परंतु त्यांतील बराचसा काळ ढगांनीच झाकलेला. म्हणजे उत्तरेच्या खोलीत वर्षभर येतो तो मुख्यत्वे आकाशाचा प्रकाश, आणि तो निळसर असतो. या निळसर उजेडात मोतिया रंग थंड पडतो. श्रावणातील दुपारी तर तो पाटीच्या रंगाची आठवण करून देतो. हस्तिदंती तेथे शोभतो, कारण त्याची पिवळी झाक त्या निळ्याचा परिहार करते आणि भिंत केवळ पांढरी दिसते. पश्चिमेच्या खोलीत याच्या उलट. तेथे दुपारी तीननंतर जे पिवळे ऊन आत येते, त्यात हस्तिदंती भिंत लोण्यासारखी होते आणि माघ-फाल्गुनात तर तिच्याकडे पाहूनच उकडल्यासारखे वाटते. अशा खोलीस मोतिया द्यावा.

शहरांतून मात्र एक नवीनच दिशा निर्माण झालेली आहे. ती म्हणजे शेजारची इमारत. पुष्कळ घरांच्या खिडक्यांतून आता आकाश दिसतच नाही, दहा-पंधरा फुटांवरची परकी भिंत दिसते. ती भिंत ज्या रंगाची असेल त्या रंगाचा उजेड आपल्या घरात येतो. शेजाऱ्यांनी आपली इमारत विटकरी रंगात रंगविली की आपला मोतिया गुलाबी होतो, आणि त्याबद्दल कोणाकडे दाद मागण्याचीही सोय नाही.

जमिनीचा विचार लोक सहसा करीत नाहीत, आणि आमच्या मते चूक होते ती येथेच. ऊन प्रथम पडते ते खिडकीजवळच्या जमिनीवर. तेथून उसळून ते भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि छतावर जाते. म्हणजे भिंतीपर्यंत पोहोचणारा बराच प्रकाश जमिनीत बुडवून काढलेला असतो. कोकणातील घर घ्या. बाहेर जांभ्याचे अंगण वा पायऱ्या, ओटीवर काव घातलेला तांबडा कोबा, वर कौले. तेथे आत येणारा उजेड मुळातच आरक्त असतो. अशा घरात हस्तिदंती दिला की खालचा भाग जर्दाळूसारखा दिसू लागतो आणि वरचा पिवळा, म्हणजे एका भिंतीचे दोन रंग होतात. मोतिया तेथे सुरेख दिसतो. त्याच्यातील राखी अंश त्या तांबड्या उजेडास आवरतो आणि भिंत शांत राहते. उलट शहाबादी फरशीचे किंवा हिरवट-करड्या कोटा फरशीचे शहरी घर घ्या. जमीनच राखी, तीत भर म्हणून भिंतही राखी केली, तर खोलीत ऊब म्हणून कोठे उरत नाही. तेथे हस्तिदंतीच हवा.

गंमत अशी, की प्रत्यक्षात लोक नेमके उलट करतात. खेडेगावातील जुने घर दुरुस्त करताना "घरगुती वाटावा" म्हणून हस्तिदंती देतात, आणि शहरातील करड्या फरशीच्या घरात "आधुनिक दिसावा" म्हणून मोतिया. घरगुतीपणा आणि आधुनिकपणा हे रंगाचे गुण नव्हेत. ज्यांनी ते मासिकांतील चित्रांवरून शिकून घेतले, त्यांस ती चित्रे कोणत्या देशाच्या उन्हात काढलेली आहेत याची कल्पना नसते. युरोपातील लांब हिवाळ्याच्या, तिरप्या उन्हाच्या आणि लाकडी जमिनीच्या खोलीत जी करडी छटा उबदार वाटते, ती सदाशिव पेठेतील शहाबादी फरशीवर तशी वाटेल असे समजण्यास काही आधार नाही.

दारांच्या चौकटीही पाहाव्यात. सागवानी चौकटीचा तांबूस-पिवळा रंग शेव्ह्रलच्या नियमाने मोतियास निळा भासवितो. कित्येकांस ते आवडते. आम्हांसही ते रुबाबदार वाटते. हस्तिदंतीजवळ तीच चौकट मवाळ होऊन भिंतीत मिसळते.

दिव्यांचा प्रश्न मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुरता पालटला आहे. तारेचा जुना दिवा पिवळा प्रकाश देई. प्रकाशाचा पिवळेपणा वा निळेपणा मोजण्याच्या केल्व्हिन या मापाने तो सुमारे २७०० असे, आणि त्यात निळा अंश अत्यल्प. ज्या प्रकाशात निळा जवळजवळ नाहीच, त्यात पिवळ्याकडे झुकणारी भिंत आणि न झुकणारी भिंत यांतील भेद दाखविणार कोण? म्हणून त्या काळी दिवेलागणीनंतर हस्तिदंती आणि मोतिया बहुतेक एकच होत. आपल्या वडील पिढीने आपले तारुण्य त्याच उजेडात घालविले. संध्याकाळी घरी यावे, त्या दिव्याखाली जेवावे, वाचावे, गप्पा माराव्यात. "दोन्ही सारखेच" असे जेव्हा ते म्हणतात, तेव्हा तो हट्ट नसून आयुष्यभराचा अनुभव असतो.

पुढे नळीचे दिवे आले. आणि ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या सरकारच्या 'उजाला' योजनेने एलईडी दिवे अल्प किमतीत घरोघर पोहोचले. त्यांतील बहुसंख्य दिवे ६५०० केल्व्हिनचे, म्हणजे ढगाळ दिवसाच्या उजेडासारखे निळसर पांढरे. असा दिवा म्हणजे मुळात निळा प्रकाश देणारा कण आणि त्यावर पिवळ्या द्रव्याचा थर. त्या निळ्या कणाच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्याखाली भिंतीतील पिवळी झाक उघडी पडते. जो हस्तिदंती जुन्या दिव्यात कोमल दिसे, तो आता रात्री शिळ्या कागदासारखा निस्तेज दिसतो, आणि मग घरातील तरुण मंडळी म्हणतात, "भिंती जुनाट झाल्या, बदला." त्यांचेही खोटे नसते. आमचे सांगणे एवढेच, की भिंत बदलण्यापूर्वी एक संध्याकाळ दिवा बदलून पाहावा. २७०० किंवा ३००० केल्व्हिनचा एलईडी दिवा कोणत्याही दुकानात मिळतो आणि त्यास रंगाच्या डब्याच्या मानाने नगण्य खर्च येतो. आकडा वेष्टनावर छापलेला असतो. तो वाचून घ्यावा. एकाच खोलीत एक दिवा पिवळा व एक निळसर असे मात्र ठेवू नयेत. डोळा कोणत्याही एका उजेडास सरावतो आणि पांढऱ्यास पांढरे मानू लागतो. दोन उजेड एकाच वेळी समोर असले म्हणजे त्याला सरावता येत नाही, आणि भिंतीवर डाग पडल्यासारखे दिसते.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय आम्हांस लिहिण्याजोगा वाटला, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळे होत जाते. ते निळा प्रकाश अडविते. आणि बाहुलीही लहान होत जात असल्यामुळे साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे आजोबा आणि नात एकाच भिंतीसमोर उभे राहून दोन वेगळ्या भिंती पाहत असतात. बदल इतका सावकाश होतो की ज्याचा त्याला तो कळत नाही. मेंदू त्या पिवळेपणाची वजाबाकी करून घेतो आणि दूध पांढरेच दिसत राहते. परंतु जेथे दोन छटांतील भेदच मुळी निळ्या-पिवळ्याचा आणि अगदी बारीक असतो, तेथे ही वजाबाकी पुरत नाही.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेस खिडकी, खाली कोटा फरशी. गेल्या वर्षी तेथे हाच वाद झाला. सुनेने मोतिया काढला होता, सासरे हस्तिदंतीवर अडून बसले होते; अडून बसले होते म्हणजे तरी काय, "मला दोन्ही सारखेच दिसतात, मग आहे तोच रंग पुन्हा द्या, नवा कशाला?" एवढेच त्यांचे म्हणणे. सुनेस त्यात आपल्या म्हणण्याची उपेक्षा वाटली. ती म्हणे, "बाबा, सारखे दिसत असतील तर माझा द्यायला काय हरकत आहे?" आणि हे उत्तर तर्कशुद्ध असल्यामुळे अधिकच लागले. चार दिवस घरात बोलणे कमी झाले. मध्येच सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती ती झाली. पिवळे पडलेले भिंग जाऊन स्वच्छ कृत्रिम भिंग आले. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी ते सहज रंगाचे दोन पुठ्ठे घेऊन खिडकीपाशी बसले आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहू लागले. डाव्या डोळ्याने दोन्ही पुठ्ठे साजूक तुपाच्या रंगाचे. उजव्या डोळ्याने एक पिवळसर आणि दुसरा चक्क निळा. त्यांनी सुनेस हाक मारून सांगितले, "या डोळ्याने तुझे खरे, आणि या डोळ्याने माझे." घरातील हास्यविनोद तेव्हा कोठे पूर्ववत झाला.

यात आश्चर्य काही नाही. मोतीबिंदू काढलेल्या अनेकांस पहिले काही आठवडे जग निळसर दिसते. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची अशी शस्त्रक्रिया १९२३ साली झाली, तेव्हा सर्वच निळे दिसते म्हणून ते फार त्रासले होते आणि रंगीत काचांचे चष्मे लावून पाहत होते. ज्याचे सारे आयुष्य उजेडाच्या छटा टिपण्यात गेले त्याची ही अवस्था. त्या पुण्याच्या कुटुंबात पुढे काय झाले हे विचारतील त्यांस सांगतो: उत्तरेच्या बैठकीस हस्तिदंती लागला, आणि पश्चिमेच्या खोलीस, जी सुनेची, मोतिया. बैठकीत तो लागला तो सासऱ्यांच्या मानासाठी नव्हे. निळसर उजेड आणि कोटा फरशी यांस तोच योग्य होता, आणि हे सुनेनेच पुठ्ठे फिरवून पाहून ठरविले.

म्हाताऱ्या माणसांच्या खोलीसंबंधी येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यांच्या दृष्टीने हस्तिदंती की मोतिया यापेक्षा भिंत कोठे संपते आणि दार कोठे सुरू होते, हे दिसणे अधिक गरजेचे असते. पांढरट भिंत, पांढरी चौकट, पांढरी कळफळी आणि पांढरीच बटणे, ही सध्याची आवड तरुण डोळ्यांस शोभिवंत वाटते. पण मंद दृष्टीच्या माणसास रात्री उठून दिव्याचे बटण सापडत नाही. अशा खोलीत चौकट गडद ठेवावी आणि बटणाच्या फळीभोवती हातभर गडद पट्टा द्यावा. भिंतीच्या छटेचा वाद त्यानंतर खुशाल घालावा.

पुठ्ठे फिरवून पाहण्याचा उल्लेख वर आला. ही पद्धत आम्ही सर्वांस सुचवितो, म्हणून ती नीट सांगितली पाहिजे. बहुतेक ठिकाणी रंगारी भिंतीवरच दोन चौकोन शेजारी शेजारी काढून दाखवितो. कोणत्या रंगाची झाक कोणीकडे आहे हे कळण्यापुरते ते ठीक. पण निवडीस ते निरुपयोगी, कारण शेजारामुळे दोन्ही रंग खोटे दिसतात, आणि भोवती जुना रंग असतो तो निराळाच. त्यापेक्षा दोन-दोन फुटांचे दोन पुठ्ठे घ्यावेत. प्रत्येकास अस्तर लावून, मग कडेपर्यंत रंगाचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. ओला रंग वाळलेल्याहून निराळा दिसतो. मग एका वेळी एकच पुठ्ठा बाहेर काढून दुसरा कपाटात ठेवावा. पुठ्ठा आडवा ठेवून पाहू नये, भिंतीस उभा टेकवावा. एकदा खिडकीसमोर, एकदा खिडकीच्याच भिंतीवर, एकदा कोपऱ्यात, एकदा जमिनीलगत. सकाळी, दुपारी, कातरवेळी आणि दिवे लागल्यावर पाहावे. दुसऱ्या दिवशी दुसरा पुठ्ठा. घरातील प्रत्येकाने पाहावे आणि ज्या वेळी ज्या खोलीत आपण खरोखर बसतो त्या वेळचे मत द्यावे. जो माणूस दिवसभर कचेरीत असतो त्याने दुपारच्या उजेडाविषयी फारसा आग्रह धरू नये, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

छताविषयी दोन शब्द. भिंती हस्तिदंती आणि छत पांढरेशुभ्र, असे केले की वरच्या कडेस पिवळेपणा एकदम डोळ्यांत भरतो. वाटते की भिंत मळली आहे. छताच्या पांढऱ्यात भिंतीच्या रंगाचा चौथा हिस्सा मिसळून घ्यावा. मोतियास तशी गरज पडत नाही.

तैलरंगाची गोष्ट वेगळी आहे. स्वयंपाकघरात व जिन्यात धुता यावा म्हणून अजून कित्येक जण तो लावतात. जवसाच्या तेलाचा, आणि त्याच जातीचा हल्लीचा तैलरंगही, उजेड न मिळाल्यास पिवळा पडत जातो. कपाट हलविले की मागे जी पिवळट आकृती दिसते ती धुळीची नसते, ती तेलाची असते. म्हणून तैलरंगात मोतिया घेण्याचा फारसा उपयोग नाही. काही वर्षांनी त्याचा एक मळकट हिरवट प्रकार होतो. तैलरंग द्यावयाचाच तर हस्तिदंती द्यावा, म्हणजे पिवळेपणा त्यातच जिरून जातो. पाण्यात कालवलेल्या ॲक्रिलिक रंगास हा दोष फारसा नाही.

आणि जुना तैलरंग खरवडावयाचा असेल तर सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो पुढील वर्षी अमलात आला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या झाकेच्या रंगांत, शिसे असण्याचा संभव पुष्कळ. त्याचे पोपडे व धूळ लहान मुलांस अत्यंत अपायकारक असतात. ते कोरडे घासू नयेत. ओले करून काढावेत, आणि ते काम चालले असता मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

हल्ली दुकानात यंत्राने रंग कालवून देतात. झाकणावर आकड्यांची चिठ्ठी असते. ती फाडून टाकू नये, घराच्या कागदपत्रांत ठेवावी. एका कारखान्याचा रंग दुसऱ्याच्या यंत्रावर जुळवून घेतला तर दिवसा तो हुबेहूब जुळतो आणि रात्री दिव्याखाली फरक पडतो. कारण तीच छटा निराळ्या द्रव्यांनी साधलेली असते. एका खोलीस लागणारा सगळा रंग एकाच वेळी आणून, डबे मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत. उरलेला रंग काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीत, वर तारीख व खोलीचे नाव लिहून, अंधाऱ्या जागी ठेवावा. पुढे खिळ्याचे भोक बुजविण्यास तो पुरतो. भिंतीवर त्याहून मोठा डाग पडला, तर तेवढाच भाग रंगवू नये. एव्हाना भिंतीची झाक बदललेली असते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंत पुन्हा करावी.